थंड हवेच्या ठिकाणचा पाहुणा

घरीं आलेल्या पाहुण्याशीं कसें वागावें हें मराठी मुलाला पुस्तकांतून शिकवावें लागत नाहीं. पाण्याचा तांब्या पुढें करावा, बसावयास आसन द्यावें, चहा घेतल्यावांचून कोणास जाऊं देऊं नये, हें तें पाहतां पाहतां शिकतें. आणि दुसऱ्याच्या घरीं पाहुणा म्हणून गेल्यावर ताटांत टाकूं नये, यजमानाची झोपमोड करूं नये, निघतांना वडील माणसांच्या पायां पडावें, हेंहि त्याच्या अंगीं हळूहळू बाणतें. परंतु जेथें राहण्याचे पैसे मोजावयाचे असतात अशा ठिकाणीं पाऊल ठेवतांच हें सर्व शिक्षण जणूं घराच्या उंबरठ्याशींच राहून जातें. चारचौघांत अत्यंत नम्र म्हणून ओळखला जाणारा गृहस्थ हॉटेलच्या दारांत शिरतांच "अरे ए" अशी हांक मारतो. घरीं नळ टपकत राहिला तर मुलांवर रागावणारी गृहिणी तेथें नळ मोकळा सोडून आरशापुढें केस विंचरीत उभी राहते. विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें : "पैसे दिले आहेत!"

ह्या उत्तरांतच सगळी गोम आहे. पैसे दिले म्हणजे नेमकें काय काय विकत घेतलें, ह्याचा हिशेब क्वचितच कोणी करतो. खोली, बिछाना, ठरलेलें जेवण व ठरलेली सेवा एवढेंच बिलांत येतें. त्या गांवचें पाणी, तेथील रात्रीची शांतता, डोंगरावरील झाडी, वाटेवर भेटणाऱ्या माणसांचा मान ह्यांपैकीं कांहींच बिलांत लिहिलेलें नसतें, कारण तें हॉटेलवाल्याच्याहि मालकीचें नसतें. तेवढ्यापुरता पैसे मोजणारा प्रवासीसुद्धां पाहुणाच असतो, आणि त्याला पाहुण्याचे सर्व नियम लागू पडतात.

जुन्या शास्त्रकारांनीं पाहुण्याला मोठा मान दिला खरा, पण त्याला मोकाट सोडलें नाहीं. अतिथीला देव मानावें, हा तैत्तिरीय उपनिषदांतील गुरूनें शिष्याला केलेला उपदेश सर्वांना ठाऊक असतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत मात्र एकच रात्र राहतो तो अतिथि अशी व्याख्या केली आहे, आणि परान्नाला चटावलेले लोक पुढच्या जन्मीं त्या अन्नदात्याचीं गुरें होतात असा दमहि भरला आहे. त्याची आठवण पाहुणे मंडळी सहसा काढीत नाहींत! धर्मशाळांचा रिवाज तर याहून बोलका होता. तेथें भाडें नसे, नोकर नसे. सबब निघणारा यात्रेकरू आपली जागा झाडून, चुलीची राख काढून मगच गांठोडें उचली. मागून येणारा कोण, कोणत्या गांवचा, हें त्याला ठाऊक नसे. तरी त्याच्यासाठीं जागा नीट करून ठेवणें हें त्याला आपलें काम वाटे.

हा विचार एका खऱ्या ठिकाणीं लावून पाहावा म्हणून रायगड जिल्ह्यांतील माथेरान घ्यावें. तें मुंबईपुण्याच्या लोकांच्या परिचयाचें आहे, आणि तेथें पाहुण्याच्या वागण्याचा परिणाम इतर ठिकाणांपेक्षां लवकर डोळ्यांस दिसतो. इ. स. १८५० मध्यें ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे ह्या डोंगरावर चढले आणि तेव्हांपासून साहेबलोकांचे व मुंबईच्या धनिकांचे बंगले तेथें उठूं लागले. मॅलेटसाहेबांनीं माथेरानचा शोध लावला असें म्हणण्याची चाल आहे. परंतु धनगर, ठाकूर व कातकरी मंडळी त्या डोंगराच्या वाटा त्याच्याहि आधींपासून तुडवीत होती. तेव्हां 'शोध लावला' हा शब्द पाहुण्यांच्या बाजूचा आहे, हें ध्यानीं ठेवावें. पुढें आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें नेरळपासून वरपर्यंत दोन फूट रुंदीची, सुमारें २१ किलोमीटर लांबीची आगगाडी बांधिली व ती १९०७ सालीं सुरू झाली. मोटारींना मात्र डोंगराच्या माथ्यावर मज्जाव आहे. दस्तुरी नाक्यावर मोटार सोडावी लागते व तेथून गांवांत पायीं, घोड्यावरून किंवा विजेच्या रिक्षेंतून जातां येतें. सन २००३ मध्यें केंद्र सरकारनें ह्या सर्व परिसराला पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केलें.

मोटारी नाहींत ह्या एका गोष्टीचा अर्थ पुष्कळ पाहुण्यांच्या लक्षांत येत नाहीं. त्यांना तें हवेच्या सुखाचें साधन वाटतें, आणि तें तसें आहेहि. पण ज्या गांवांत मालमोटार शिरत नाहीं तेथें दिसणारी बहुतेक वस्तु कोणीतरी डोक्यावर, हातगाडीवर किंवा घोड्याच्या पाठीवर घालून आणलेली असते. जेवणांतील तांदूळ, गॅसची टाकी, खोलींतील पलंगाची गादी, भिंतीची वीट, हीं सर्व ह्याच वाटेनें येतात. आणि पाहुणा सकाळीं जें कचऱ्याच्या डब्यांत टाकतो तेंहि कोणालातरी उचलावें लागतें.

दस्तुरीवर उतरल्यावर पहिली भेट हमालाशीं होते, आणि पाहुण्याची पहिली परीक्षाहि तेथेंच होते. दोन दिवसांच्या मुक्कामाला चार पेट्या आणणारें कुटुंब हमालाला पाहतांच कांकूं करूं लागतें. ओझें डोक्यावर चढलें, पन्नास पावलें चालून झालीं, आणि मग गृहस्थ दराची घासाघीस आरंभतो. कारण ह्या वेळीं हमाल ओझें खालीं ठेवणार नाहीं हें तो जाणून असतो. असल्या चतुराईला व्यवहार म्हणत नाहींत. दर आधीं विचारावा, पटला नाहीं तर पेटी स्वतः उचलावी, पटला तर पोहोंचल्यावर तेवढे पैसे विनातक्रार द्यावे. वाटेंत हमाल विसाव्यास थांबला तर आपणहि थांबावें. त्याच्या पुढें झपाझपा जाऊन "लवकर चला" असें ओरडणारा मनुष्य रिकाम्या हातांनीं चालत असतो, हें त्याचें त्यालाच दिसत नाहीं!

माणसानें ओढावयाच्या रिक्षेचा प्रश्न याहून नाजूक होता. म्हातारींसाठीं, आजाऱ्यांसाठीं ती सोय होती हें खरें. परंतु धडधाकट तरुण मंडळीहि मौज म्हणून तींत बसत, आणि चढावर ओढणाराचा दम लागलेला पाहून फोटो काढीत. विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग २०२२ सालीं तेथें सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हातानें ओढण्याची रिक्षा सहा महिन्यांच्या आंत बंद करावी व ओढणारांची विजेच्या रिक्षांवर सोय लावावी असा आदेश दिला. कित्येक दयाळू पाहुणे त्यापूर्वींहि अशा रिक्षेंत बसत नसत. त्यांचा हेतु चांगलाच होता; पण ओढणाराकडे तोंड वांकडें करून पाहत पुढें निघून गेल्यानें त्याच्या घरची चूल पेटत नव्हती. दया करावयाची तर तिच्यांत समोरच्या माणसाचा अपमान होऊं नये एवढें तरी पाहावें. घोड्याच्या बाबतींतहि हेंच. लहानखुऱ्या तट्टावर भला दांडगा गृहस्थ बसावा, आणि घोडेवाल्यानें "साहेब, मोठा घोडा आणतों" असें म्हटलें तर त्यानें तो आपला अपमान समजावा, हा देखावा तेथें दुर्मिळ नाहीं. वस्तुतः घोडेवाल्याला घोड्याची पाठ ठाऊक असते, त्याचें ऐकावें. गर्दीच्या वाटेवर घोडा दौडवावयास लावूं नये. चालणाऱ्या मुलांबाळांना वाट सोडून उभें राहावयास दुसरी जागा पुष्कळदां नसते.

आतां हांक मारण्याविषयीं. मराठी भाषेंत अरेतुरे आणि अहोजाहो ह्यांमध्यें जें अंतर आहे तें इंग्रजीसारख्या भाषेंत सांपडावयाचें नाहीं. एका शब्दानें माणसाला खालीं बसवितां येतें व एका शब्दानें वर उचलतां येतें. साठी उलटलेला मनुष्य सकाळीं ऊन पाण्याची बादली घेऊन दाराशीं येतो, आणि पंचविशींतला पाहुणा त्याला "ए, इकडे ठेव रे" म्हणतो. हा पाहुणा स्वतःच्या काकांशीं असें बोलेल काय? तेथें 'दादा', 'काका', 'मावशी' अशी हांक मारावी. पुढें क्रियापद अनेकवचनीं ठेवावें. नांव विचारून घेतलें तर अधिकच चांगलें. 'मामा' ही हांकहि वाईट नाहीं, मात्र पोलीस शिपायाला व कचेरींतील चपराशाला मारून मारून तिच्यांतील नातें बरेंचसें झिजलें आहे. तेव्हां ती ज्या सुरांत मारावी त्या सुरावर तिचा अर्थ अवलंबून राहील. मुलें ह्या बाबतींत आईबापांचें हुबेहूब अनुकरण करतात. वडील 'अहो काका' म्हणाले कीं सहा वर्षांचा मुलगाहि 'अहो काका' म्हणतो, आणि वडिलांनीं चुटकी वाजविली कीं तोहि चुटकी वाजवितो.

खोलींत शिरल्यावर सर्वांत आधीं पाण्याचा विचार करावा. माथेरानावर पावसाळ्यांत अतोनात पाऊस पडतो. परंतु डोंगराचा माथा जांभ्या दगडाचा, चोहोंबाजूंस उतार, त्यामुळें बरेंचसें पाणी कड्यांवरून खालीं निघून जातें. शार्लट तलावांत सांठविलेलें पाणी आणि पायथ्याकडून यंत्रानें वर चढविलेलें पाणी ह्यांवर सर्व गांवाला काढावयाचे असतें, आणि पाहुण्यांची गर्दी नेमकी एप्रिल-मे मध्यें, म्हणजे पाणी सर्वांत कमी असतांना होते. ह्या ठिकाणीं चौथीच्या मुलालाहि येईल असें एक गणित करून पाहावें. बादलींत वीस लिटर पाणी मावतें. फवाऱ्याच्या नळांतून मिनिटाला दहा लिटर पाणी येतें असें धरलें आणि स्नानास दहा मिनिटें लागलीं तर शंभर लिटर, म्हणजे पांच बादल्या झाल्या. चार माणसांच्या कुटुंबानें सकाळसंध्याकाळ असें स्नान केलें तर दिवसाला चाळीस बादल्या होतात. दांत घासतांना दोन मिनिटें नळ मोकळा राहिला कीं माणशीं आणखी एक. तेंच कुटुंब बादली-तांब्या घेऊन स्नानास बसलें तर माणशीं दोन बादल्यांत यथास्थित स्नान होतें, आणि संध्याकाळीं हातपाय धुतले तरी डोंगराच्या थंड हवेंत बिघडत नाहीं. नळ हॉटेलांतला असला तरी पाणी गांवचें आहे. हॉटेलच्या मागच्या बाजूला राहणाऱ्या मोलकरणीच्या घरीं कळशी भरली कीं नाहीं, ह्याचा त्या चाळीस बादल्यांशीं संबंध पोहोंचतो. पुष्कळ ठिकाणीं ऊन पाणी सकाळीं ठराविक वेळींच मिळतें. ती वेळ आदल्या रात्रीं विचारून ठेवली म्हणजे दहा वाजतां उठून आरडाओरड करण्याची पाळी येत नाहीं.

पाण्याच्या खालोखाल शांतता. शहरांत मोटारींच्या आवाजांत माणसाचा आवाज बुडून जातो, म्हणून शहरवासी मोठ्यानें बोलावयास शिकतो. मोटार नसलेल्या गांवांत तोच आवाज तिसऱ्या बंगल्यापर्यंत जातो. रात्रीं अकरा वाजतां व्हरांड्यांत बसून पत्त्यांचा डाव रंगविणारी मंडळी आपसांत हळू बोलत आहों असें समजतात. शेजारच्या खोलींतल्या आजाऱ्याला मात्र कोणाकडे हुकमाचा एक्का आहे हें बिछान्यांत पडल्या पडल्या कळतें! खिशांतल्या यंत्रावर गाणीं लावून रानांतल्या वाटेनें हिंडणाऱ्यांविषयीं काय बोलावें? ज्याला पांखरांचा आवाज ऐकावयाचा नाहीं त्यानें घरींच गाणीं ऐकावीं, खर्च वांचेल. एको पॉईंटवर जाऊन मुलांनीं हांक मारावी, डोंगराची प्रतिहांक ऐकावी, त्याला कोणाची हरकत नाहीं. ती जागाच त्यासाठीं आहे. पण तेथेंहि दहा माणसें रांगेनें उभीं असतील तर एकानें अर्धा तास ओरडत राहूं नये.

जेवणाविषयीं थोडक्यांत. जेथें हवें तितकें वाढून घेण्याची मोकळीक असते तेथें ताटें सर्वांत जास्त टाकलेलीं दिसतात. थोडें वाढून घ्यावें, पुन्हां उठावें. उपास, पथ्य, कांदालसूण वर्ज्य असें कांहीं असेल तर तें पोहोंचल्याबरोबर सांगावें; ताट पुढें आल्यावर सांगणें म्हणजे आचाऱ्याला विनाकारण संकटांत टाकणें होय.

सभ्यपणा म्हणजे मुकाट्यानें सोसणें असें मात्र कोणी समजूं नये. चादर मळकी असेल, कबूल केलेली खोली मिळाली नसेल, तर बोलण्याचा पाहुण्याला पूर्ण अधिकार आहे. प्रश्न एवढाच कीं कोणाशीं बोलावें. मालकानें चादरी कमी ठेवल्या ह्याबद्दल ती अंथरणाऱ्या पोराला फैलावर घेण्यांत न्याय नाहीं आणि उपयोगहि नाहीं. व्यवस्थापकाकडे जावें, एकट्याला गांठून स्वच्छ शब्दांत सांगावें, काय हवें तें एकदांच सांगावें. चार पाहुण्यांदेखत केलेल्या तमाशानें समोरचा मनुष्य चूक दुरुस्त करण्याऐवजीं स्वतःची बाजू सांवरूं लागतो. आणि आपल्या हातून कांचेचा पेला फुटला, गादीवर चहा सांडला, तर तेंहि त्याच व्यवस्थापकाला आपण होऊन सांगावें. न सांगितल्यास ती भरपाई पुष्कळदां खोली झाडणाऱ्याच्या पगारांतून वळती होते.

बाहेर पडल्यावर पाहुण्याची गांठ माकडांशीं पडते. पहिल्या दिवशीं मुलांना त्यांचें कौतुक वाटतें, चण्यांची पुडी पुढें केली जाते, फोटो निघतात. तिसऱ्या दिवशीं तेंच माकड दुसऱ्याच कोणाच्या मुलाच्या हातांतून पुडी हिसकावून घेतें व ओरबाडतें. तोंपर्यंत पहिला पाहुणा मुंबईस पोहोंचलेला असतो. माकडाला ही संवय त्यानें लाविली. तिचा उपद्रव मात्र बारा महिने गांवांतल्या दुकानदारांना व शाळेंत जाणाऱ्या पोरांना होतो. सबब माकडांना खाऊं घालूं नये, पिशवी उघडी धरूं नये. रानांत मोठी, तांबूस रंगाची शेकरू खार दिसली तर निमूट उभें राहावें. दगड मारून तिला हलवूं नये. झाडाच्या खोडावर नांव कोरणाऱ्याला तर शाळेंतल्याप्रमाणें बांकावर उभें करण्याची सोय तेथें नाहीं, एवढेंच दुःख! रिकाम्या पुड्या, बाटल्या आपल्याच पिशवींत परत आणाव्या. कड्याखालीं पडलेली पुडी काढावयास कोणी उतरत नाहीं.

मे महिन्यांत ठाकरीण, कातकरीण वाटेच्या कडेला पानांच्या द्रोणांत करवंदें, जांभळें घेऊन बसते. भल्या पहांटे रानांत शिरून, कांटे सोसून तीं वेंचलेलीं असतात. हजारों रुपये भाड्याच्या खोलींतून निघालेली मंडळी तिच्यापुढें पांच रुपयांसाठीं कशीं हुज्जत घालतात तें पाहण्यासारखें असतें. तिचा फोटो काढावयाचा असेल तर आधीं विचारावें. ती नाहीं म्हणाली तर पुढें जावें. ती माथेरानच्या देखाव्यांपैकीं एक नव्हे.

निघण्याच्या दिवशीं खोली ठरल्या वेळीं सोडावी, कारण दुसरें कुटुंब पेट्यांसह बाहेर बसलेलें असतें. अंथरुणें घडी करून ठेवलीं, कचरा एका ठिकाणीं केला, किल्ली हातीं दिली, एवढ्यास पांच मिनिटें पुरतात. टॉवेल, साबणाची पेटी, चमचे हीं आठवणीची वस्तु म्हणून नेण्याची कित्येकांना हौस असते. तिला घरीं दुसरें नांव आहे. बक्षीस द्यावयाचें तें पाकिटांत घालून हळूच द्यावें. चारचौघांत नोट फडकावूं नये. शिवाय पुढें येऊन सलाम करणारा एकटाच राबलेला नसतो. भांडीं घासणारी बाई, पाणी तापविणारा मनुष्य पाहुण्याच्या नजरेस पडत नाहींत. त्यांच्यासाठीं वेगळा वांटा काढून त्यांच्या नांवानें द्यावा.

एक गोष्ट राहिली. पुष्कळ पाहुणे घोडेवाल्याचा, त्याच्या मुलाचा घोड्यासह फोटो काढतात आणि "पाठवूं हं" असें सांगून गाडींत बसतात. मूल पुढें कित्येक दिवस त्या फोटोची वाट पाहतें. पाठवावयाचा नसेल तर तसें बोलूंच नये. बोलले असतील तर घरीं गेल्याच्या आठवड्यांत तो छापून घ्यावा आणि पाकिटावर घोडेवाल्याचें पूर्ण नांव, माथेरान, जिल्हा रायगड असें स्वच्छ अक्षरांत लिहून तिकीट लावून पेटींत टाकावा. एवढ्याशा गांवांत तो पोहोंचण्यास फारशी अडचण पडूं नये.